फ्लॅक्सची पाती आणि गोव्याचा पावसाळा

नर्सरीत ‘फ्लॅक्स’ मागितलं की गोव्यात तीन वेगवेगळ्या झाडांपैकी कुठलंही हातात पडू शकतं: खरं न्यूझीलंड फ्लॅक्स म्हणजे फॉर्मियम, फ्लॅक्स लिली म्हणजे डायनेला, किंवा सरळ कॉर्डिलाइन. तिघांचीही पाती तलवारीसारखी. दाणे काढायच्या जवसाशी यांपैकी एकाचंही नातं नाही. जवसालाही इंग्रजीत फ्लॅक्सच म्हणतात, आणि फॉर्मियमच्या पात्यांतून तसाच चिवट धागा निघतो म्हणून युरोपातल्या लोकांनी तेच नाव त्याला चिकटवलं. आपण ते उसनं घेतलं.

झाड कुठलं ते ओळखायला एक पान पुरतं. खालचं जुनं पान घेऊन आडवं फाडून बघा. फॉर्मियम आडवं फाटतच नाही. उभ्या चिंध्या निघतात, बोटं दुखतात, पण पान तुटत नाही. त्याची पाती बुडाशी मधोमध दुमडलेली असतात, एकात एक खोचलेली, आणि सगळी एकाच पातळीत पंख्यासारखी उघडतात. डायनेलाची पाती बुडाशी तशीच एकमेकांत खोचलेली, पण पातळ आणि मऊ. जमिनीखाली आडवा, सरपटणारा गड्डा असतो, त्यामुळे कुंडीत एका बाजूने नवे कोंब फुटलेले दिसतात. कॉर्डिलाइनला खोड असतं आणि पानं त्या खोडाभोवती फिरत्या जिन्यासारखी लागतात. कॉर्डिलाइन आणि ड्रॅसिना यांत गोंधळ होत असेल तर मूळ खरवडून बघा: कॉर्डिलाइनचं पांढरं, ड्रॅसिनाचं पिवळं-नारिंगी.

ही ओळख आधी पटवायची, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. डायनेला आणि कॉर्डिलाइन गोव्यात जमिनीत लावा, ती तुम्हाला पुरून उरतील. फॉर्मियम जमिनीत लावाल तर चवथीपर्यंत टिकलं तरी नशीब.

दलदलीतलं झाड इथे का कुजतं

हा प्रश्न रास्त आहे. फॉर्मियमच्या दोन जाती आहेत: फॉर्मियम टेनॅक्स, ज्याला माओरी लोक हाराकेके म्हणतात, आणि थोडी लहान, लवत्या पानांची फॉर्मियम कुकिआनम. हाराकेके न्यूझीलंडमध्ये ओढ्याकाठी, दलदलीच्या कडेला, खाऱ्या वाऱ्यात समुद्रालगत वाढतं. पाती ३ मीटरपर्यंत जातात. मग आपल्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसात ते खूश असायला हवं, नाही का?

फरक पाण्याचा नाही, पाण्याच्या तापमानाचा आहे. वेलिंग्टनला भर उन्हाळ्यात दिवसा २०-२१ अंश आणि रात्री १३-१४ अंश असतात. पणजीला मे महिन्यात दिवसा ३३ च्या आसपास आणि रात्रीही २६-२७. पावसाळ्यात दिवस थोडा उतरतो, रात्र जवळपास तिथेच राहते. १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहतो, २८ अंशाच्या पाण्यात पावणेआठ. म्हणजे आपल्या कोमट चिखलात मुळांना हवा मुळातच कमी, आणि उष्णतेने मुळांचा श्वास वाढलेला, त्यामुळे गरज मात्र जास्त. त्यात पिथियम, फायटोफ्थोरा ही मूळकूज करणारी बुरशी अशाच कोमट, तुंबलेल्या मातीत फोफावते. दलदलीतलं झाड दलदलीतच गुदमरतं ते असं.

उष्ण रात्रींचा दुसराही फटका आहे. झाड दिवसा जे अन्न करतं त्यातलं बरंच रात्री श्वसनात जाळतं. रात्र जितकी गरम तितकं जास्त. म्हणून मार्च ते सप्टेंबर फॉर्मियमची वाढ गोव्यात जवळपास थांबते आणि त्या काळात टाकलेलं खत झाडाच्या कामी येत नाही, बुरशीच्या येतं. रंगही याच काळात उतरतात. ब्राँझ पातं मळकट हिरवं दिसायला लागतं आणि लोक ‘खत कमी पडलं’ म्हणून आणखी खत घालतात. असं करू नका. डिसेंबरात रात्र २०-२१ वर आली की रंग आपोआप परततो.

थोडक्यात, आपल्याकडे हे झाड हिवाळी आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी वाढवायचं, बाकीचे महिने फक्त जगवायचं.

कुंडी आणि माती

मातीची कुंडी घ्या, १२ इंची, खाली निदान अंगठा जाईल एवढं भोक असलेली. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू एप्रिलच्या दुपारी हाताला चटका देते. आतल्या बाजूने चिकटलेली मुळं तिथेच शिजतात. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून वाफ होतं, त्यामुळे ती गार राहते. बाहेरून चुना मारलात तर आणखी बरं. अजून एक उपाय: १२ इंची कुंडी १६ इंची कुंडीत बसवून मधल्या फटीत रेती भरायची आणि उन्हाळ्यात ती रेती ओली ठेवायची. जुन्या पाण्याच्या माठासारखंच हे काम करतं.

१२ इंची कुंडीला साधारण १२ लिटर मिश्रण लागतं. माझं प्रमाण असं:

चिऱ्याची (जांभ्या दगडाची) बारीक खडी ५ लिटर
नदीची जाड रेती २ लिटर
सोडणाचे (नारळाच्या सालाचे) तुकडे २ लिटर
पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा जुनं शेणखत ३ लिटर
निंबोळी पेंड २ मुठी

चिऱ्याच्या खडीबद्दल जरा सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चिरे कापताना पडणारा लाल भुसा फुकट मिळतो म्हणून लोक तोच घालतात. तो भुसा दोन पावसांत असा बसतो की सळई खुपसली तरी आत जात नाही. आपल्याला हवेत ते फुटक्या चिऱ्याचे तुकडे, हरभऱ्यापेक्षा मोठे आणि सुपारीपेक्षा लहान. चाळणीने चाळून बारीक पूड बाजूला करायची, मग तुकडे बादलीत घेऊन पाणी लाल यायचं थांबेपर्यंत धुवायचे. तीन-चार पाणी लागतात. चिरा सच्छिद्र असल्याने त्याचा तुकडा आत ओल धरतो आणि तुकड्यांमधल्या फटीत हवा राहते. परलाइटच्या (माती हलकी ठेवणाऱ्या पांढऱ्या खनिज दाण्यांच्या) पिशव्या विकत आणायची गोव्यात खरंच गरज नाही.

रेती समुद्रकिनाऱ्यावरची नको. कितीही धुतली तरी शिंपल्यांचा चुरा उरतोच, आणि कणही फार बारीक. सोडणाचे तुकडे नखाएवढे कापून आठवडाभर पाण्यात ठेवा, पाणी दोनदा बदला, तपकिरी रंग उतरू द्या. नुसतं कोकोपीट टाळा. उन्हाळ्यात सोयीचं वाटतं, पावसाळ्यात स्पंज होतं.

कुंडीच्या तळाला खापरांचा थर द्यायची आपल्याकडे परंपरा आहे. ती मोडा. जाड थरावर बारीक माती आली की पाणी त्या सीमेवर अडकतं, आणि ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एकच खापरी, फुगीर बाजू वर करून, बस. भरून झाल्यावर लिटरभर पाणी ओता. मिनिटभरानंतरही वर तळं दिसत असेल तर मिश्रण उपसून खडी वाढवा.

लावणी

योग्य वेळ तुळशीच्या लग्नानंतरची. हवा कोरडी झालेली असते, रात्री उतरायला लागतात आणि झाडाला पुढे चार महिने मिळतात. जूनमध्ये सगळं गाव झाडं लावत असतं म्हणून फॉर्मियमही लावायचा मोह होतो. नर्सरीत तेव्हाच बाहेरून आलेला ताजा माल असतो, पाती तकतकीत असतात. त्या महिन्यात विकत घेतलंच असेल तर नर्सरीच्या पिशवीतून काढू नका, वळचणीला ठेवा आणि नोव्हेंबरची वाट बघा.

लावताना बुंधा, म्हणजे पाती जिथून फुटतात ती जागा, मातीच्या २ सेंटिमीटर वर राहिली पाहिजे. ‘झाड हलतंय’ म्हणून वर माती ओढायची सवय इथे महागात पडते. पात्यांच्या खोबणीत माती आणि पाणी अडकलं की कूज तिथूनच सुरू होते. हलत असेल तर दोन काड्यांचा आधार द्या. वर पालापाचोळ्याचं आच्छादन नको, चिऱ्याच्या खडीचा बोटभर थर द्या, तोही बुंध्याला न टेकवता.

जुनं झुडूप वाटायचं असेल तर त्याचीही वेळ हीच. कुंडी आडवी करून गठ्ठा बाहेर काढा, मुळं धुवा, म्हणजे एकेक पंखा कुठे जोडलेला आहे ते दिसेल. प्रत्येक तुकड्याला निदान एक पूर्ण पंखा, तीन-चार चांगली पाती आणि स्वतःची मुळं हवीत. कोयतीने एका घावात कापा. करवतून कापलेली जागा उशिरा सुकते. पाती अर्ध्यावर छाटा, नाहीतर मुळं बसण्याआधी पात्यांतून पाणी उडून तुकडा कोमेजतो. कापलेल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड चोळून एक दिवस सावलीत ठेवा, मग लावा. पहिले तीन आठवडे ऊन नको.

बियांच्या नादी लागू नका. पट्टेदार आणि रंगीत जातींच्या बियांतून आईसारखी झाडं येत नाहीत. ‘यलो वेव्ह’पासून ‘यलो वेव्ह’च हवी असेल तर वाटणी हाच मार्ग.

जात निवडताना: गुलाबी पट्टा जितका रुंद, तितकं हरितद्रव्य कमी आणि झाड तितकं नाजूक. गोव्यासाठी हिरवी किंवा ब्राँझ, आणि ठेंगणी जात बरी. ‘ब्राँझ बेबी’, ‘जॅक स्प्रॅट’ यांसारख्या कुंडीत मावतात. पिवळ्या पात्यांची जात सकाळच्या उन्हातच ठेवा, दुपारच्या उन्हाने पात्यावर कागद जळल्यासारखे डाग पडतात आणि ते कधीच जात नाहीत.

पाणी, खत, जागा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: वरची दोन पेरं माती सुकली की भरपूर पाणी, खालून वाहून जाईपर्यंत. साधारण तीन-चार दिवसांनी एकदा. एनपीके १९:१९:१९ खत एक लिटर पाण्याला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी, ओल्या मातीवर. फेब्रुवारी संपला की खत बंद, थेट दसरा-दिवाळीपर्यंत.

मार्च ते मे: शिगमो झाला की कुंडी पूर्वेच्या बाजूला हलवा. सकाळी दहापर्यंतचं ऊन पुरे. पाणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. भर दुपारी तापलेल्या कुंडीत पाणी ओतलं की तेच पाणी मिनिटात गरम होतं. किनाऱ्यालगतच्या विहिरी या महिन्यांत मचूळ होतात. फॉर्मियमची पाती खारा वारा सहज सोसतात, पण कुंडीत रोज मचूळ पाणी घातलं तर मीठ साठत जातं आणि टोकं तपकिरी होतात. त्या विहिरीचंच पाणी वापरावं लागत असेल तर नळाचं किंवा साठवलेलं गोडं पाणी दहा दिवसांनी एकदा चांगलं बादलीभर घालून मीठ धुऊन काढा.

जून ते सप्टेंबर: आता खरी परीक्षा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा या चार महिन्यांत. मिरगाच्या आधी कुंडी छपराखाली गेलीच पाहिजे. कुठल्या छपराखाली हेही महत्त्वाचं. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून घराची पूर्वेची किंवा ईशान्येची बाजू निवडा. कौलांच्या पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेपासून निदान दोन फूट आत. पागोळीची धार पावसापेक्षा वाईट. ती एकाच जागी तासन्‌तास पडते आणि पंख्याच्या खोबणीत पेल्यासारखं पाणी साठवते. कुंडी तीन चिऱ्याच्या तुकड्यांवर टेकवा, खाली ताटली ठेवू नका. पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही कुंडी उचलून बघितल्यावर. हलकी लागली तरच.

बंद बाल्कनी किंवा घराचा आतला कोपरा मात्र नको. छप्पर हवं, पण वारा खेळता हवा. कोंदट जागेत पात्यांच्या बुडाशी पिठ्या ढेकूण बसतो.

कूज ओळखणं

पात्याचं टोक सुकणं ही कूज नाही, घाबरू नका. कूज मधून सुरू होते. पंख्यातलं सर्वात कोवळं, मधलं पातं चिमटीत धरून हलकेच वर ओढा. झाड निरोगी असेल तर पात्याबरोबर कुंडीच हलते. कुजलेलं असेल तर उकडलेल्या शेंगेतून दाणा निसटावा तसं ते पातं अलगद हातात येतं, बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, आणि नाकाशी नेलं की गटारासारखा वास. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा ही तपासणी करा. बाहेरून पाती हिरवीगार असतानाही आतलं पातं सुटलेलं असू शकतं. पात्याचा धागाच इतका चिवट की झाड मेल्यावरही दोन-तीन आठवडे ते जिवंत असल्यासारखं उभं राहतं.

एकच पंखा गेला असेल तर बाकीचे वाचतात. गठ्ठा काढा, कुजलेला पंखा पांढरं, टणक ऊतक दिसेपर्यंत कापा, काळी मुळं काढून टाका. मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब यांचं मिश्र बुरशीनाशक मिळतं, ते लिटरला २ ग्रॅम घेऊन त्यात उरलेलं झाड वीस मिनिटं बुडवा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि नव्या, जवळपास नुसत्या खडी-रेतीच्या मिश्रणात लावा. कंपोस्ट तेव्हा नको. हातमोजे घाला.

ट्रायकोडर्मा वापरायचा असेल तर तो आजार येण्याआधी, मे अखेरीस कंपोस्टमध्ये मिसळून द्या, किलोला ५ ग्रॅम. ट्रायकोडर्मा दिल्यावर आठवड्याभरात तांब्याचं बुरशीनाशक ओतणारे बरेच भेटतात. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, औषध तिलाही मारतं. दोघांत निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

पिठ्या ढेकणासाठी लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि १-२ मिलिलिटर द्रव साबण, संध्याकाळी, पात्यांच्या खोबणीत आत जाईल असं फवारा, आठवड्याने पुन्हा. मुंग्यांची रांग दिसली की वर पांढरं काही नसलं तरी खोबण उघडून बघा.

पाती कापायची पद्धत

इथे माओरी विणकरांचं ऐकावं. पंख्याच्या मधल्या कोवळ्या पात्याला ते मूल मानतात, आणि दोन्ही बाजूंना लागून असलेल्या पात्यांना आईबाप. ही तीन पाती कधीच कापायची नाहीत, फक्त बाहेरची. बागेसाठीही हा नियम अगदी बरोबर आहे, कारण नवं पातं मधूनच येतं आणि शेजारची दोन त्याला आधार देतात. कापताना बुडाशी, तिरका घाव, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाणी आत न साचता ओघळून जातं. झाडाची कात्री वापरलीत तर धागे तिच्या पात्यांत अडकून बसतील. धारदार कोयती किंवा दातेरी सुरी बरी. नुसतं सुकलेलं टोक कातरायचं असेल तर आडवं सरळ न कापता पात्याच्या आकारात टोकदार कापा, नाहीतर अख्खं झाड शाळकरी पोराचे केस कापल्यासारखं दिसतं.

पट्टेदार झुडपात मध्येच एखादा साधा हिरवा किंवा तपकिरी पंखा येतो. तो ठेवायचा नाही. हरितद्रव्य जास्त म्हणून तो भरभर वाढतो आणि दोन वर्षांत पट्टेवाल्यांना गिळतो. मुळासकट काढा.

जमिनीत तलवारपाती हवीच असतील तर

मग फॉर्मियमचा हट्ट सोडा. मला विचाराल तर गोव्यातल्या दहापैकी आठ परसांना डायनेलाच योग्य. डायनेला एन्सिफोलिया ही जात आफ्रिकेच्या पूर्व भागापासून भारतासह पॅसिफिकपर्यंतच्या उष्ण प्रदेशात वाढते, त्यामुळे कोमट पाऊस तिच्या परिचयाचा. नर्सरीत पांढऱ्या कडेची पट्टेदार डायनेला मिळते. उंची गुडघ्याच्या थोडी वर.

लावायची जूनमध्ये, पहिले दोन-चार पाऊस होऊन जमीन निवल्यावर. २५ सेंटिमीटर खणून चौरस मीटरला ५ किलो कंपोस्ट मिसळा. दोन रोपांत ४० सेंटिमीटर अंतर; पहिल्या वर्षी विरळ वाटेल, दुसऱ्या वर्षी कड भरते. मोरड म्हणजे उंचावरच्या जमिनीत नुसता उतार पाहून लावा. खेर जमिनीत रेती जास्त असल्याने कंपोस्ट दीडपट घ्या. खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल खाऱ्या जमिनीच्या बाजूला, जिथे पावसाळ्यात पाणी उभं राहतं, तिथे वीतभर उंच वाफा केल्याशिवाय तीही जगणार नाही.

माडाखाली अर्धवट सावलीत डायनेला सुंदर दिसते, पण माडाच्या आळ्यात लावू नका. आपल्याकडे माडाला मीठ घालायची पद्धत आहे. माडाला ते चालतं, डायनेलाची टोकं आठवड्यात करपतात. बुंध्यापासून २ मीटर बाहेर राहा. तिथे पडणारं चुडत झुडूप मोडून टाकतं हे गृहीत धरा, मोडलं तर बुडापासून कापा, पुन्हा फुटतं. निळी फळं येतात, दिसायला फार गोड. पोरांनी तोंडात घालू नयेत एवढं बघा. तीन वर्षांनी गड्डा मध्ये पोकळ पडतो, तेव्हा जूनमध्ये उपटून, वाटून, पुन्हा लावायचा.

लाल-जांभळा रंग हवा असेल तर कॉर्डिलाइन. तिला सावलीही चालते, पण गडद सावलीत ती हिरवी होत जाते. माड-पोफळींतून गाळून आलेला उजेड तिच्यासाठी नेमका. रोपं करणं अगदी सोपं: उंच झालेलं खोड जूनच्या सुरुवातीला जमिनीपासून फूटभरावर छाटा, शेंडा तसाच खोचा, मधल्या खोडाचे ८-१० सेंटिमीटरचे तुकडे ओल्या रेतीत आडवे, अर्धे बुडतील असे ठेवा. महिना-दीड महिन्यात डोळे फुटतात. खाली राहिलेलं खोडही फुटतं, बहुधा दोन-तीन फांद्यांनी. एकाच उंचीची रांग लावण्यापेक्षा तीन खोडं वेगवेगळ्या उंचीवर छाटून एकत्र लावली तर झुडूप भरगच्च वाटतं. मार्च ते मे पानांच्या मागे लाल कोळी येतो. पान मळकट, बारीक ठिपक्यांचं दिसलं की मागून पाण्याची जोरदार फवारणी, तीन दिवसांनी एकदा, चार वेळा. टोकं जळत असतील तर सुपर फॉस्फेट बंद करून बघा. त्यात फ्लोराइडचा अंश असतो आणि कॉर्डिलाइनला तो सोसत नाही.

आणि भर उन्हातली, तापलेल्या चिऱ्याच्या गडग्यालगतची जागा असेल तर पांढऱ्या पट्ट्याचं फर्क्रिया. नर्सरीत ते घायपात किंवा अगेव्ह म्हणूनही विकतात. पाती मीटरभर लांब होतात, म्हणून चहूबाजूंनी सव्वा मीटर मोकळं सोडा, वाटेच्या कडेला नको, आणि रसाने खाज येते म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट. ते आयुष्यात एकदाच फुलतं, उंच दांड्यावर शेकडो पिल्लं धरतं आणि मरतं. पिल्लं वेळीच गोळा केली नाहीत तर ती शेजाऱ्याच्या भाटात जाऊन रुजतील.

फॉर्मियमचं झाड एवढं करूनही गेलंच, तर पाती कचऱ्यात टाकू नका. सेंट हेलिना बेटावर १९६६ पर्यंत याच पात्यांच्या धाग्यावर उद्योग चालला, तो उगीच नाही. बाहेरचं पक्कं पातं घ्या, कडा आणि मधला जाड कणा काढा, नखाने अर्ध्या सेंटिमीटरच्या उभ्या पट्ट्या करा, प्रत्येक पट्टी सुरीच्या बोथट कडेवरून दोन-तीनदा ओढून मऊ करा आणि सावलीत वाळवा. वापरण्याआधी दहा मिनिटं पाण्यात भिजवा, म्हणजे गाठ मारताना तडकत नाही. कुळागरात पोफळीला मिरवेल बांधायला, मांडवाला दोडक्याचा वेल धरायला ही पट्टी प्लास्टिकच्या सुतळीपेक्षा बरी: कोवळ्या वेलाला काचत नाही, आणि सोडवायची राहून गेली तरी मातीत कुजून जाते.